जीवाणूची चार सेकंदांची आठवण आणि एक छोटे समीकरण

गणिती मॉडेल म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक आलेख उभा राहतो: प्रयोगातून आलेले ठिपके आणि त्या ठिपक्यांमधून सफाईने गेलेली वक्ररेषा. जीवाणूंच्या पेशीतील संदेशवहनावर मी काम करू लागले तेव्हा माझीही समजूत तीच होती, आणि रेषा ठिपक्यांवर बसली की काम फत्ते झाले असे मी धरून चालत होते. ही समजूत माझ्याच एका मॉडेलने मोडून काढली. ते कसे घडले हे सांगायचे तर ई. कोलाय हा जीवाणू पोहतो कसा आणि पोहताना त्याला नेमके काय कळते, इथूनच सुरुवात करावी लागेल.

ई. कोलायची पेशी सुमारे 2 मायक्रोमीटर लांब आणि जेमतेम 1 मायक्रोमीटर रुंद असते. अंगावरच्या कशाभिका, म्हणजे एकेका मोटरने फिरणारे शेपटीसारखे धागे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असल्या की त्यांची एक जुडी होते आणि पेशी सेकंदाला 20 ते 30 मायक्रोमीटर वेगाने सरळ धावते. त्यांतली एखाद-दुसरी मोटर दिशा बदलून फिरू लागली की जुडी सुटते, पेशी जागच्या जागी गडबडते आणि भलत्याच दिशेला तोंड करून पुन्हा धावू लागते. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी एकेका जीवाणूचा तिन्ही मितींत पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरून 1972 साली हे मोजले. धाव साधारण एका सेकंदाची, गडबड साधारण एक दशांश सेकंदाची. परिस्थिती सुधारत असेल तर चालू धाव थोडी लांबते, एवढाच काय तो फरक. अन्नाकडे वळण्यासाठी जीवाणूजवळ सुकाणू नाही. आत्ता गडबडायचे की आणखी थोडे असेच जायचे, हा एकच निर्णय त्याच्या हाती असतो.

परिस्थिती सुधारते आहे हे त्याला कळते कसे, हा प्रश्न आकडे मांडून पाहिल्याखेरीज नीट समजत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळते. पेशीचे आकारमान 1 फेम्टोलीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका लीटरचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक. जीवाणूला हव्याशा अस्पार्टेट या अमिनो आम्लाची संहती (द्रावणातले प्रमाण) 1 मायक्रोमोलार असेल, तर पेशीएवढ्या जागेत त्याचे सरासरी 600 रेणू सापडतात. पण ही झाली सरासरी. रेणू यदृच्छया येत-जात असल्याने प्रत्यक्ष मोजणीत 600 चे वर्गमूळ, म्हणजे 24-25 रेणूंचा इकडेतिकडे फरक पडतो. एका मोजणीतली चूक जवळपास 4 टक्के. आता समजा की पाण्यात अस्पार्टेटची संहती दर मिलिमीटरला पावणेतीन पटीने वाढते आहे. पेशीच्या पुढच्या टोकाची संहती मागच्या टोकापेक्षा मग फक्त 0.2 टक्क्यांनी जास्त असेल. 4 टक्के चूक असलेल्या तागडीवर 0.2 टक्क्यांचा फरक तोलायचा, असा हा प्रकार आहे.

सुटकेचा मार्ग म्हणजे पुन्हा पुन्हा मोजणे. एवढे लहान रेणू पेशीएवढे अंतर विसरणाने, म्हणजे आपोआप इकडेतिकडे पसरत, साधारण एका मिलिसेकंदात ओलांडतात, त्यामुळे दर मिलिसेकंदाला पेशीभोवती जणू नवा नमुना हजर होतो. सेकंदभर थांबले तर हजार स्वतंत्र मोजण्या होतात आणि चूक हजारच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे 32 पटींनी घटून 0.13 टक्क्यांवर येते. शिवाय तेवढ्या वेळात पेशी 20 मायक्रोमीटर पुढे सरकलेली असते आणि तिथला फरक 0.2 नव्हे, तर 2 टक्के असतो. हा हिशेब माझा नाही. बर्ग आणि एडवर्ड पर्सेल यांनी 1977 साली तो रीतसर मांडला. जीवाणू टोकांची तुलना करत नसून 'आत्ता' आणि 'मघाशी' यांची तुलना करतो, हे त्याआधीच, 1972 मध्ये, रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कोशलँड यांनी एका साध्या युक्तीने दाखवले होते. त्यांनी जीवाणू एकदम वेगळ्या संहतीच्या द्रावणात मिसळले. मिसळल्यानंतर सगळीकडे संहती सारखीच, चढ-उतार कुठेच नाही. तरीही संहती वाढलेल्या द्रावणात जीवाणू काही काळ जवळजवळ न गडबडता सरळ पोहत राहिले.

तुलना करायची तर आठवण हवी. 1986 साली जेफ्री सीगल, स्टीव्हन ब्लॉक आणि बर्ग यांनी ती मोजली: गेल्या एका सेकंदाचा अनुभव आणि त्याआधीच्या तीन सेकंदांचा अनुभव यांची वजाबाकी, अशी एकूण चार सेकंदांची. यापेक्षा लांब आठवण निरुपयोगी ठरली असती, कारण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी पेशी स्वतःभोवती फिरत राहते आणि दहाएक सेकंदांत तिची मूळ दिशाच हरवते. ही सगळी रचना कोणत्याही मेंदूविना, पाच-सहा प्रथिनांच्या देवाणघेवाणीतून उभी राहिलेली आहे.

ती प्रथिने अशी. पेशीच्या टोकाशी ग्राही प्रथिनांचा, म्हणजे बाहेरचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांचा, दाट पुंजका असतो आणि त्यांना चे-ए नावाचे कायनेज (फॉस्फेट चिकटवणारे प्रथिन) जोडलेले असते. ग्राही रिकामे असतील तर चे-ए सक्रिय राहते आणि चे-वाय या लहान प्रथिनाला फॉस्फेट देते. फॉस्फेट घेतलेले चे-वाय पेशीतून भटकत मोटरपर्यंत पोहोचते, तिला चिकटते आणि तिची दिशा बदलते, म्हणजे गडबड. ग्राहीला अस्पार्टेट येऊन बसले की चे-ए मंदावते, फॉस्फेटवाले चे-वाय कमी होते आणि धाव लांबते. चे-वायला आपला फॉस्फेट आपणहून सोडायला दहा-वीस सेकंद लागले असते, आणि ज्याची धावच एका सेकंदाची आहे त्याच्यासाठी तो उशीर फार झाला. म्हणून चे-झेड नावाचे प्रथिन तो फॉस्फेट झटपट काढून टाकते. आठवणीचे काम मात्र वेगळ्याच जोडीकडे आहे. चे-आर हे ग्राहीवर मिथाइल गट (लहानसे रासायनिक तुकडे) चिकटवते आणि चे-बी ते काढते. मिथाइल गट वाढले की ग्राही पुन्हा चे-एला चेतवू लागतो, जरी अस्पार्टेट अजून बसलेले असले तरी. थोडक्यात, मिथाइल गटांची संख्या म्हणजे 'मघाशी काय होते' याची नोंदवही.

परिणाम असा की अस्पार्टेटची संहती एकदम वाढवली तर गडबड थांबते, पण थोड्या वेळाने ती हळूहळू पूर्ववत होते, आणि पूर्ववत म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर. यालाच अचूक अनुकूलन म्हणतात. ते नसते तर जीवाणू जरा बऱ्या जागी पोहोचताच त्याचे ज्ञानेंद्रिय कायमचे बधिर झाले असते.

माझ्या पहिल्या मॉडेलने हेच दाखवायचे होते. मी प्रत्येक क्रियेसाठी एक अवकल समीकरण लिहिले, सतरा स्थिरांक घेतले, त्यांतले काही जुन्या मोजमापांवरून ठरवले आणि उरलेले संगणकाला शोधायला लावले. दोन दिवस प्रोग्रॅम चालला (त्यातला एक दिवस मिनिट आणि सेकंद यांची गल्लत केल्यामुळे फुकट गेला) आणि रेषा ठिपक्यांवर अशी काही बसली की मी तो आलेख छापून मेजासमोर लावला. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे. आता चे-आरचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवून चालवा." मी चालवले. अस्पार्टेट टाकल्यावर चे-एची सक्रियता खाली गेली, वर येऊ लागली आणि मूळ पातळी ओलांडून भलत्याच उंचीवर जाऊन थांबली. प्रमाण दहा टक्क्यांनी कमी केले तर ती मूळ पातळीच्या खालीच अडकून पडली. माझ्या मॉडेलमधले अचूक अनुकूलन म्हणजे टोकावर उभी केलेली पेन्सिल होती, आणि ती उभी राहिली होती ती केवळ संगणकाने तिसऱ्या दशांश स्थानापर्यंत आकडे जुळवून दिले होते म्हणून.

जीवाणूला असे आकडे कोण जुळवून देणार? पेशी दुभंगताना प्रथिनांची वाटणी समसमान होत नाही, एकाच वंशाच्या दोन पेशींतही त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कितीतरी जास्त वेगळे असते, आणि तरी दोघींचेही अनुकूलन अचूक होते. मॉडेल चुकीचे आहे हे आलेखावरून कळणे शक्यच नव्हते. चुकीचे होते ते आलेखात न दिसणारे काही तरी.

मी ज्यावर अडखळले तो प्रश्न नामा बरकाई आणि स्टॅनिस्लास लिबलर यांनी 1997 मध्येच सोडवला होता, आणि त्यांचा शोधनिबंध मी वाचलेलाही होता. फक्त त्यातले मर्म माझ्या डोक्यात शिरले नव्हते. त्यांचे गृहीतक एका वाक्याचे आहे: चे-बी मिथाइल गट काढते ते फक्त सक्रिय ग्राहींवरून, आणि चे-आर आपल्या ठरलेल्या वेगाने ते चिकटवत राहते, समोर ग्राही किती आहेत याची पर्वा न करता. मी चे-बीला सगळ्याच ग्राहींवर मोकळे सोडले होते. फरक किरकोळ वाटतो. पण समीकरण लिहून पाहू. चिकटवण्याचा वेग 'च', काढण्याचा स्थिरांक 'क' आणि सक्रियता 'स' मानली, तर मिथाइल गटांच्या संख्येत होणाऱ्या बदलाचा वेग 'च वजा क गुणिले स' इतका येतो. सगळे स्थिरावते तेव्हा हा वेग शून्य असला पाहिजे, म्हणून स = च ÷ क. संपले. या उत्तरात अस्पार्टेटची संहती कुठेच नाही! बाहेर 1 मायक्रोमोलार असो की 1000, सक्रियतेला परत येण्यासाठी दुसरी जागाच उरत नाही. बाहेरच्या संहतीनुसार बदलते ते एवढेच की तिथे पोहोचेपर्यंत किती मिथाइल गट जमा झाले.

या मांडणीत स्थिरांक जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. चे-आर दुप्पट केले तर 'च' दुप्पट होईल, सक्रियतेची पातळी बदलेल, अनुकूलनाला लागणारा वेळही बदलेल. पण परत येणे अचूकच राहील. मॉडेलने अशा रीतीने दोन गोष्टी बदलतील आणि एक बदलणार नाही असे आधीच सांगून ठेवले होते. 1999 साली उरी अलॉन आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत बरकाई आणि लिबलर हेही होते, जीवाणूंमधील प्रथिनांचे प्रमाण कित्येक पटींनी कमीजास्त करून नेमके हेच तपासले. गडबडीची मूळ वारंवारता बदलली, अनुकूलनाचा काळ बदलला, अचूकता ढळली नाही.

अभियंत्यांना ही युक्ती जुनीच ठाऊक होती. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा घ्या. टाकीतून सतत पाणी उपसले जात असेल, तर गोळ्याला थोडे खाली राहावेच लागते, कारण तो खाली असला तरच झडप उघडी राहते; म्हणून पातळी नेहमी थोडी कमीच भरते. त्याऐवजी झडपेजवळ एक माणूस बसवला आणि त्याला सांगितले की पातळी खुणेच्या खाली आहे तोवर चावी हळूहळू उघडत जायची आणि पातळी वर गेली तर हळूहळू बंद करत जायची, तर पातळी बरोबर खुणेवर येईपर्यंत त्याचा हात थांबणार नाही, मग उपसा कितीही असो. चावीचे फिरणे म्हणजे चुकीची साठत गेलेली बेरीज, गणिताच्या भाषेत समाकलन. 2000 साली जॉन डॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बरकाई-लिबलर मॉडेलमधले मिथाइल गट हीच चावी आहे. त्यांनी पुढे असेही म्हटले की स्थिरांक कसेही असले तरी अचूक अनुकूलन साधायचे, तर रचनेत कुठे तरी असा समाकलित फीडबॅक असावाच लागतो. मला या संपूर्ण विषयातले हे सर्वांत सुंदर विधान वाटते, कारण ते एका प्रथिनाविषयी नाही, पेशीविषयीही नाही.

अर्थात मर्यादा आहेत. ग्राहीच्या प्रत्येक एककावर मिथाइल गटांसाठी चार-पाचच जागा असतात. त्या भरल्या की नोंदवही संपली, आणि फार मोठ्या संहतीला अनुकूलन कोलमडते. सेरिन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या बाबतीत तर ते अस्पार्टेटइतके अचूक नसतेच.

असाच एक छोटा चमत्कार एन्व्ह-झेड आणि ओम्प-आर या जोडीत दिसतो. भोवतालच्या क्षारतेनुसार पेशीच्या बाह्य पटलातील छिद्रे नियंत्रित करणारी ही जोडी आहे. यात एन्व्ह-झेड हे एकच प्रथिन ओम्प-आरला फॉस्फेट देते आणि काढूनही घेते. देण्याचा वेग एन्व्ह-झेडच्या प्रमाणात, काढण्याचा वेगही त्याच्याच प्रमाणात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी ते कटून जाते. फॉस्फेटवाल्या ओम्प-आरची पातळी त्यामुळे प्रथिनांच्या एकूण संख्येवर फारशी अवलंबून राहत नाही, हे एरिक बॅचलर आणि मार्क गुलियन यांनी 2003 साली मॉडेल आणि प्रयोग दोन्हींनी दाखवले. एकाच प्रथिनाने दोन परस्परविरोधी कामे करणे ही उधळपट्टी आहे असे मला पूर्वी वाटत असे.

अनुकूलनाचे कोडे सुटले तरी संवेदनक्षमतेचे उरतेच. 2002 साली व्हिक्टर सोर्जिक आणि बर्ग यांनी चमकणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने चे-एची सक्रियता जिवंत पेशींत मोजली आणि असे आढळले की ग्राहींच्या व्यापलेपणात जितका सापेक्ष बदल होतो त्याच्या सुमारे 35 पट बदल सक्रियतेत उमटतो. एकटा ग्राही एवढे वर्धन करू शकत नाही. डेनिस ब्रे आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्येच सुचवले होते की पुंजक्यातले ग्राही एकमेकांवर परिणाम करत असावेत. नंतर यासाठी मोनो, वायमन आणि शँजो यांचे 1965 चे जुने मॉडेल कामी आले. ते मुळात एन्झाइमांसाठी आणि हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांसाठी मांडलेले होते. इथे दहा-वीस ग्राही एकत्रच चालू किंवा एकत्रच बंद होतात असे मानले की वर्धन आपोआप निघते. त्यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. अस्पार्टेटसारख्याच एका संयुगासाठी या मॉडेलमधले दोन बंधन-स्थिरांक (रेणू ग्राहीला किती घट्ट चिकटतो याची मापे) सुमारे 18 मायक्रोमोलार आणि 3000 मायक्रोमोलार येतात, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात प्रतिसाद संहतीच्या लॉगरिदमवर अवलंबून राहतो. म्हणजे 50 वरून 100 होणे आणि 500 वरून 1000 होणे या दोन्ही गोष्टी जीवाणूला सारख्याच 'ऐकू' येतात. त्याला फरक कळत नाही, पट कळते. 2011 साली प्रयोगातही हे जसेच्या तसे दिसले.

इथपर्यंतचे सगळे गणित सलग राशींचे आहे, आणि एका पेशीत ते थोडे लबाडीचे ठरते. 1 फेम्टोलीटरमध्ये एक रेणू म्हणजे जवळपास 1.7 नॅनोमोलार, चे-वायचे रेणू हजारोंनी असल्याने त्याची संहती हा शब्द शोभतो, पण चे-आरचे रेणू एका पेशीत दीड-दोनशेच्या घरात असतात. अशा वेळी डॅनियल गिलेस्पी यांची 1977 ची पद्धत वापरून प्रत्येक रासायनिक घटना फासे टाकल्यासारखी एकेक करून घडवावी लागते. मी तशी चालवून पाहिली तेव्हा अवकल समीकरणाने दाखवलेली सरळ रेषा गायब झाली आणि तिच्या जागी संथपणे वरखाली हेलकावणारी, दहा-दहा सेकंद भलत्याच बाजूला रेंगाळणारी सक्रियता दिसली. माझा पहिला संशय प्रोग्रॅमवर गेला. परंतु एकेका जीवाणूची एकच मोटर बराच वेळ न्याहाळली तर असेच संथ हेलकावे दिसतात, हे 2004 साली प्रसिद्ध झालेले आहे, आणि त्यांचे मूळ याच मिथाइल गटांच्या नोंदवहीत आहे.

शेवटी मोटर. 2000 साली फिलिप क्लुझेल, मायकेल सुरेट आणि लिबलर यांनी दाखवले की फॉस्फेटवाल्या चे-वायची संहती 3 मायक्रोमोलारच्या थोडी खाली गेली की मोटर जवळजवळ कायम एकाच दिशेने फिरते आणि थोडी वर गेली की दुसऱ्या. हिल गुणांक, म्हणजे प्रतिसाद किती एकदम बदलतो याचे माप, दहाच्या आसपास, म्हणजे वक्ररेषा कड्यासारखी उभी. आता वरचे समीकरण आठवा: सक्रियता च ÷ क इतकी आहे, आणि 'च' तर पेशीगणिक बदलतो. मग इतक्या अरुंद खिडकीत प्रत्येक पेशीची पातळी नेमकी येऊन कशी बसते? भक्कम मॉडेलनेच उभा केलेला हा प्रश्न बरीच वर्षे तसाच होता. 2012 मध्ये बर्ग यांच्या प्रयोगशाळेने उत्तराचा एक भाग शोधला: खिडकी स्वतःच सरकते. मोटर फार वेळ एकाच बाजूने फिरत राहिली की तिच्यातील फ्लाय-एम या प्रथिनाची संख्या मिनिटाभरात बदलते आणि तिचा कडा चे-वायच्या चालू पातळीकडे सरकतो. हे अनुकूलन अचूक नाही, अर्धवट आहे.

माझ्या मॉडेलमध्ये त्यासाठी एका समीकरणाची भर पडली. ते लिहून झाल्यावर, कोणताही ठिपका जुळवण्याआधी, मी चे-आरचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवून चालवले. मोटरचा कल हलला, थोडा मागे आला, आणि खिडकीच्या आतच, मूळ जागेपासून जरासा बाजूला, थांबला.